युरॉलॉजी सर्जनची जडणघडण : लॉगबुकातील चार रकाने

दोन वर्षांपूर्वी आपल्या संस्थेने गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार ठेवला होता. कार्यक्रम आटोपल्यावर एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगा एम.बी.बी.एस. झाला, मग एम.एस. झाला. आता म्हणतो, मूत्ररोगाचं आणखी तीन वर्षं शिकायचंय. डॉक्टर झाला ना तो? मग अजून शिकतो काय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण थकवा होता. गिरणीत काम करणाऱ्या माझ्या वडिलांनीही एकेकाळी मला हाच प्रश्न विचारला होता. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नव्हते. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तरच लिहावे असे ठरविले.

युरॉलॉजी म्हणजे मूत्रपिंड, मूत्रवाहिनी, मूत्राशय, मूत्रमार्ग आणि पुरुषांचे जननेंद्रिय यांच्या विकारांवरील शल्यचिकित्सा. मूतखडा, प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, लघवी तुंबणे, मूत्रमार्ग आकसणे, या अवयवांचे कर्करोग आणि मूत्रपिंड रोपण हे सारे या शाखेत येते. मूतखड्यावर सुरी चालविणे हे सर्वांचे काम नव्हे, ही समज फार जुनी आहे. वैद्यांच्या प्राचीन ग्रीक शपथेतसुद्धा खडा कापण्याचे काम त्यातल्या जाणकारांवर सोडण्याचे वचन आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अश्मरी काढण्याची शस्त्रक्रिया सांगितली आहे. त्याच ग्रंथात, माणसाच्या अंगाला हात लावण्यापूर्वी शिष्याने भोपळा, कलिंगड अशा फळांवर छेद घेण्याचा आणि कापडावर व मऊ कातड्यावर टाके घालण्याचा सराव करावा, असेही सांगितले आहे. आज मोठ्या केंद्रांत याच कामासाठी सिम्युलेटर नावाची यंत्रे ठेवतात. किंमत लाखांत गेली, एवढाच काय तो फरक!

विद्यार्थी मित्रहो, प्रथम वाट सांगतो. बारावीनंतर नीट परीक्षा देऊन एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळतो. साडेचार वर्षे अभ्यासक्रमाची आणि एक वर्ष इंटर्नशिपचे. त्यानंतर पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा देऊन जनरल सर्जरीचे एम.एस., तीन वर्षे. त्यानंतर सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा आणि युरॉलॉजीचे एम.सीएच., पुन्हा तीन वर्षे. विद्यापीठाच्या एम.सीएच.ऐवजी राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा डीआरएनबी हा समकक्ष अभ्यासक्रमही आहे. दिल्लीचे एम्स, चंदीगडचे पीजीआय अशा राष्ट्रीय संस्थांची परीक्षा वेगळी असते. मुंबईत महापालिकेच्या के.ई.एम., शीव आणि नायर या तिन्ही रुग्णालयांत एम.सीएच. युरॉलॉजी शिकविले जाते. म्हणजे कोठेही वर्ष न गमावता बेरीज साडेअकरा वर्षांची होते. प्रवेशपरीक्षांच्या तयारीत एखाददुसरे वर्ष बहुतेकांचे जातेच. शासकीय महाविद्यालयात शिकलेल्यांना बंधपत्राप्रमाणे शासनाची सेवाही करावी लागते. तिची मुदत व दंडाची रक्कम वेळोवेळी बदलते, म्हणून प्रवेश घेतानाच कागद नीट वाचावा.

एक बाब आपल्या विद्यार्थ्यांना अगोदरच ठाऊक असलेली बरी. एम.बी.बी.एस. आणि एम.एस.च्या प्रवेशात राखीव जागा असतात. एम.सीएच. व डी.एम.च्या प्रवेशात अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी त्या नसतात. १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ज्या थोड्या ठिकाणी आरक्षण उचित ठरणार नाही असे सुचविले, त्यांत वैद्यकातील सुपरस्पेशालिटी होती. पुढे १९९९ च्या प्रीती श्रीवास्तव निकालातही न्यायालयाने तेच धोरण धरले. या निकालांविषयी माझी मते आहेत, पण ती मांडण्याची ही जागा नव्हे. सांगायचे इतकेच की एम.एस.च्या तिसऱ्या वर्षात हे कळून धक्का बसलेली मुले मी पाहिली आहेत. पहिल्या वर्षापासून ठाऊक असले, तर सर्जरीचे पुस्तक त्या तयारीने उघडले जाते. दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. एम.एस. आणि एम.सीएच. या दोन्ही काळात निवासी डॉक्टरला दरमहा विद्यावेतन मिळते. माझ्या धाकट्या बहिणीचे बी.एड. त्याच पैशांतून झाले.

हा 'निवासी' शब्द तरी कोठून आला? अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हाल्स्टेड या सर्जनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत बसविली. शिकाऊ सर्जनने रुग्णालयातच राहायचे, आणि जबाबदारी पायरीपायरीने वाढवीत न्यायची. याच हाल्स्टेडने १८९७ साली ह्यू हॅम्प्टन यंग या तरुण डॉक्टरकडे मूत्रविकारांचा विभाग सोपविला. यंगला त्या विषयाचे फारसे ज्ञान नव्हते आणि त्याने ते कबूलही केले होते. पुढे अमेरिकेतील युरॉलॉजीच्या जनकांत त्याची गणना झाली. आज अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतर थेट पाच-सहा वर्षांचे युरॉलॉजी प्रशिक्षण असते, आणि सुरुवातीची सर्जरी त्यातच येते. आपल्याकडे तीन अधिक तीन असे दोन तुकडे आहेत व मध्ये एक परीक्षा उभी आहे. कामाच्या तासांचे म्हणाल, तर अमेरिकेत २००३ पासून आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे. आपल्याकडे १९९२ च्या केंद्र शासनाच्या निवासी योजनेत सलग काम सर्वसाधारणपणे १२ तासांहून अधिक नसावे असे लिहिले आहे. लिहिले आहे, एवढेच म्हणतो.

आता मूळ प्रश्न : इतकी वर्षे शिकतो काय?

प्रत्येक निवासी डॉक्टरजवळ एक नोंदवही असते, तिला लॉगबुक म्हणतात. प्रत्येक शस्त्रक्रियेपुढे तीत चार प्रकारची नोंद होऊ शकते. पाहिली, मदत केली, वरिष्ठांच्या देखरेखीखाली केली, स्वतंत्रपणे केली. माझ्या मते सर्जनचे सारे शिक्षण म्हणजे एकेक शस्त्रक्रिया पहिल्या रकान्यातून चौथ्या रकान्यात नेणे होय. वर्षे मोजून काही कळत नाही. एखादी शस्त्रक्रिया सहा महिन्यांत चौथ्या रकान्यात जाते, एखादी तीन वर्षांत तिसऱ्याच्या पुढे सरकत नाही, आणि तसे होणेच योग्य असते.

एम.एस.च्या पहिल्या वर्षात निवासी बहुतांशी वॉर्डात असतो. रक्ताचे नमुने, ड्रेसिंग, सलाईन, राउंडची तयारी, रात्रीचे अपघात. थिएटरात तो रिट्रॅक्टर धरून उभा राहतो. पण याच वर्षात एक कौशल्य त्याच्या हाती येते, ज्याला बाहेरची माणसे क्षुल्लक समजतात. ते म्हणजे लघवीची नळी घालणे. कॅथेटरची जाडी 'फ्रेंच' या मापात मोजतात, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. सोळा नंबरची नळी साधारण सव्वापाच मिलिमीटर जाड असते. लघवी तुंबलेला म्हातारा तळमळत येतो, आणि नळी पडताच दोन मिनिटांत त्याचा चेहरा सैल होतो. डॉक्टरकीचे समाधान इतक्या लवकर दुसऱ्या कोणत्या कामात मिळत असेल असे मला वाटत नाही.

पण तीच नळी केव्हा घालू नये, हेही याच वर्षी शिकायचे असते. वाहनाखाली सापडून कमरेचे हाड मोडलेला रुग्ण येतो, मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्ताचा थेंब दिसतो. अशा वेळी मूत्रमार्ग फाटलेला असू शकतो, आणि जोर लावून घातलेली नळी अर्धवट फाटलेला मार्ग पूर्ण तोडू शकते. तेव्हा थांबावे, एक्स-रेवर औषध सोडून मार्ग पाहावा, किंवा पोटाच्या खालच्या भागातून थेट मूत्राशयात नळी टाकावी. मी पहिल्या वर्षात असताना एका रात्री अशा रुग्णाजवळ नळी हातात घेऊन उभा होतो. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर मागून म्हणाल्या, "डॉक्टर, रक्त बघितलंत का?" मी पाहिले नव्हते. त्या रुग्णाचे पुढचे आयुष्य त्या एका वाक्याने वाचले असे मी मानतो. सिस्टरांचे नाव मात्र कोणत्याही लॉगबुकात नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षात हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स, आतड्याचे टाके अशी कामे हाती येतात. यातील तीन महिने आता जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. युरॉलॉजीत जाणाऱ्याला आतड्याचे टाके कशाला, असे कोणी विचारील. कर्करोगामुळे मूत्राशय काढावा लागला, तर लघवीला बाहेर वाट देण्यासाठी लहान आतड्याचा तुकडाच वापरतात. तेव्हा हे टाके उपयोगी पडतात. पहिली तीन वर्षे वाया जात नाहीत.

एम.सीएच.ला आलेला विद्यार्थी म्हणजे सर्जन झालेला माणूस. पोट उघडण्याची त्याला भीती नसते. आणि येथे आल्यावर त्याला पुन्हा पहिल्या रकान्यापासून सुरुवात करावी लागते, कारण युरॉलॉजीचे निम्म्याहून अधिक काम दुर्बिणीने चालते. हात शरीराबाहेर आणि नजर पडद्यावर. पूर्वी दुर्बिणीला एकच डोळा लावता येई. गुरू पाहात असेल तेव्हा शिष्याला काही दिसत नसे, आणि शिष्य कापत असेल तेव्हा गुरूला. कॅमेरा आल्यापासून दोघांना एकच चित्र दिसते. या शाखेचे शिक्षण कॅमेऱ्याने जितके बदलले तितके दुसऱ्या कशाने बदलले नसेल.

पहिल्या वर्षात दुर्बिणीने मूत्राशय तपासणे, मूत्रवाहिनीत डी.जे. स्टेंट नावाची बारीक नळी ठेवणे व काढणे ही कामे येतात. रात्रीच्या आणीबाणीचा पहिला भार त्याच्यावरच असतो. अंडकोषाला पीळ पडलेला मुलगा आला तर साधारण सहा तासांच्या आत पीळ सोडवावा लागतो, नाही तर अंडकोष जातो. खड्याने मूत्रपिंड तुंबून आत पू झाला आणि रुग्णाला थंडी वाजून ताप भरला, तर त्या रात्री खडा काढायचा नसतो, फक्त तुंबलेले मोकळे करायचे असते. खडा समोर दिसत असतो आणि त्याला हात लावायचा नसतो. नव्या माणसाला हे अवघड जाते.

स्टेंटचे एक रजिस्टर असते, तेही पहिल्या वर्षाच्या निवासीकडे. कोणाला कधी स्टेंट घातला, कधी काढायचा, फोन नंबर काय. साधा स्टेंट फार तर काही महिने ठेवायचा असतो, त्यानंतर त्यावरच खडे जमू लागतात. दुखणे थांबले की माणूस गावी निघून जातो. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, बांधकामावर. दोन-तीन वर्षांनी परत येतो तेव्हा दोन्ही टोकांना खडा धरलेला असतो, कधी मूत्रपिंड निकामी झालेले असते. सभासद बंधुभगिनींनो, आपल्या ओळखीत कोणाचे खड्याचे ऑपरेशन झाले असेल तर एवढे अवश्य विचारा : आत नळी ठेवली आहे का, आणि ती काढायची तारीख कोणती? डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेले असते.

दुसऱ्या वर्षाची मुख्य परीक्षा म्हणजे प्रोस्टेटचे दुर्बिणीचे ऑपरेशन. विजेच्या तारेच्या कडीने ग्रंथीचे बारीक तुकडे कापून काढायचे. सारखे पाणी सोडून दृष्टी स्वच्छ ठेवावी लागते. जुन्या पद्धतीत ग्लायसीन मिसळलेले पाणी वापरतात. ते उघड्या शिरांतून रक्तात शोषले जाते, रक्तातले सोडियम उतरते, आणि रुग्ण जांभया देऊ लागतो, बेचैन होतो, असंबद्ध बोलतो. म्हणून हे ऑपरेशन शक्यतो कमरेखालची भूल देऊन करतात, रुग्ण बोलता राहिला तर भूलतज्ज्ञाला वेळीच कळते. आणि म्हणूनच साधारण एका तासात थांबण्याचा दंडक पडला. आता सलाईनवर चालणारी बायपोलर यंत्रे व लेझर आल्याने सोडियमची भीती पुष्कळ कमी झाली आहे, तरी घड्याळाकडे पाहण्याची सवय सोडू नये.

मूत्रमार्गात व्हेरुमाँटॅनम नावाचा एक लहानसा उंचवटा असतो. ग्रंथी कापणाऱ्याचा तो उंबरठा. त्याच्या पलीकडे कडी गेली तर लघवी रोखून धरणारा स्नायू दुखावतो आणि माणसाची लघवी आयुष्यभर गळत राहते. निवासीला प्रथम ग्रंथीचा एकच भाग कापायला देतात, वरिष्ठ शेजारी उभे असतात. काही महिन्यांनी दुसरा भाग, मग रक्तस्राव थांबविणे, मग पूर्ण ऑपरेशन. माझ्या सरांची पद्धत अशी होती की दर पाच मिनिटांनी ते विचारीत, "उंबरठा कुठे आहे?" दाखविता आला नाही की "हात बाजूला कर" असे म्हणून कडी स्वतः घेत. अपमान वाटे. आज माझ्या विद्यार्थ्यांना मी तेच विचारतो आणि त्यांनाही तो वाटत असणार.

मूत्रपिंडातल्या मोठ्या खड्यांसाठी, साधारण दोन सेंटिमीटरच्या वरच्या, पाठीतून छिद्र पाडून दुर्बीण घालतात. हे तंत्र १९७६ साली स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी प्रसिद्ध केले. या शस्त्रक्रियेचे शिक्षण उलट्या क्रमाने होते. सर्वांत आधी खड्याचे तुकडे चिमट्याने काढायला देतात, मग खडा फोडायला, मग वाट रुंद करायला, आणि सर्वांत शेवटी सुई टोचायला. कारण सारी मदार त्या पहिल्या सुईवर असते. एक्स-रेच्या सपाट चित्रावरून आतली खोली ओळखून मूत्रपिंडाच्या नेमक्या कप्प्यात ती गेली पाहिजे. चुकली तर रक्तस्राव होतो, क्वचित मोठ्या आतड्याला इजा होते. फार वरून टोचली तर छातीच्या पोकळीत शिरते. अंगावर शिशाचा जड एप्रन घालून हे सारे करायचे.

येथे माझी एक चूक सांगतो. मी दुसऱ्या वर्षाला असताना अशा एका शस्त्रक्रियेची नोंद मी 'देखरेखीखाली केली' या रकान्यात केली. खडा मीच काढला होता, पण सुई सरांनी टोचली होती. महिनाअखेरीस सही करताना त्यांनी विचारले, "पंक्चर कुणी केलं?" मी गप्प. त्यांनी ती नोंद लाल शाईने खोडली आणि 'मदत केली' असे लिहिले. मग म्हणाले, "उद्या तू एखाद्या तालुक्याला एकटा असशील. ही वही वाचून तू स्वतःलाच फसवशील." तो रकाना खोटा भरण्याचा मोह प्रत्येकाला होतो. बरोबरीच्या मुलाचे आकडे जास्त असतात, परीक्षा जवळ येते. पण वहीत लिहिलेला आकडा टेबलावरच्या रुग्णाच्या कामाचा नसतो.

तिसऱ्या वर्षात निवासी युनिटचा कारभार पाहतो. यादी लावणे, धाकट्यांना शिकविणे, कोणते ऑपरेशन आज करू नये ते ठरविणे. मूत्रमार्गाची पुनर्रचना, कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रिया, मूत्रपिंड रोपण यांत तो मुख्यतः मदतीला असतो, काही टप्पे त्याला मिळतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली भारतातले पहिले यशस्वी मूत्रपिंड रोपण झाले, तेव्हापासून हे काम मोठ्या केंद्रांत नित्याचे झाले आहे. तरी दात्याचे मूत्रपिंड काढणे हे शिकाऊ हातात सर्वांत शेवटी जाते. दाता निरोगी असतो. आई असते, भाऊ असतो, बायको असते. आजार नसलेल्या माणसाच्या अंगावर सुरी चालवायची आणि त्याला जसाच्या तसा घरी पाठवायचा. हे काम तीन वर्षांत तिसऱ्या रकान्यात आले तरी पुष्कळ झाले.

मुलींसाठी एक शब्द. या शाखेत स्त्री सर्जन अजून थोड्या आहेत. पुरुषांच्या तपासणीचे काम म्हणून घरचेच नको म्हणतात. पण लघवी गळणे, वारंवार जंतुसंसर्ग अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या कितीतरी बाया पुरुष डॉक्टरपुढे बोलत नाहीत. वर्षानुवर्षे कापडाच्या घड्या वापरून दिवस काढतात. त्यांच्यासाठी तरी आपल्या मुलींनी या शाखेचा विचार करावा.

सभासद पुष्कळदा विचारतात, सरकारी रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर ऑपरेशन करतात, मग जावे का? संमतीपत्रावर सही करताना दोन गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात : ऑपरेशन कोणाच्या देखरेखीखाली होणार, आणि ते वरिष्ठ थिएटरात हजर असणार का? या प्रश्नांचा चांगल्या युनिटला राग येत नाही. शिकणारा हात आणि पाहणारा डोळा दोन्ही टेबलाशी असतील तर भिण्याचे कारण नाही. डोळा नसेल तर मात्र अवश्य भ्यावे.

त्या दिवशी त्या गृहस्थांना यातले थोडेफार सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे अजून तीन वर्षं." मी म्हटले, "होय." त्यांचा मुलगा आता दुसऱ्या वर्षाला आहे. परवा त्याचा फोन आला होता. प्रोस्टेटचा एक भाग सर कापायला देतात म्हणाला. पंक्चर अजून दिलेले नाही.